खारी वाळू

"आनंदा काय तुझ्या एकट्याचाच भाऊ होता?" तुळशीदास ओटीवरून ओरडला, आणि विळीवर धरलेला बांगडा काशीबाईच्या हातात तसाच राहिला.

भांडण उजाडायच्या आधीपासून चाललं होतं. आता वरळीच्या कोळीवाड्यातल्या बाया डोक्यावर पाट्या घेऊन बाजाराला निघाल्या होत्या आणि जाता जाता जी ती या घराकडे मान वळवून बघत होती. घराची ओटी एक, चुली दोन. उजव्या अंगाला थोरला तुळशीदास आणि त्याची बायको मंजुळा, पोरांसकट. डाव्या अंगाला मधला भाऊ धोंडू आणि काशीबाई. त्यांची एकुलती मुलगी अंबिका वेसाव्याला दिलेली, त्यामुळे डाव्या अंगाला माणसं दोनच. अंगणात तुळशीचं वृंदावन होतं, पण त्यातली तुळस दोन वर्षांपूर्वी वाळली ती वाळलीच.

"एकट्याचा होता असं मी कवा म्हनालो?" धोंडू म्हणाला. पायरीवर बसून तो दाताळ्याचा सैल झालेला दात सुतळीनं आवळत होता. वर बघतसुद्धा नव्हता.

"सात वर्सं झाली त्याला. दर्यानं नेला, दर्याकडं तो हाय. म्हनून आपन दर्या सोडायचा? सुकानू धरनारा हात तुझा, आनि त्यात दाताळं! साहेबाच्या खड्ड्यातली वाळू सारखी करत बसतोस."

आतून मंजुळा म्हणाली, "भावजीस्नी म्हनावं, जाता जाता आमच्या दारात बी रांगोळी काढा. हात चांगला बसलाय."

काशीबाईच्या मनात दिराचंच म्हणणं होतं. पण जावेनं तोंड घातलेलं तिला कधीच सोसलं नव्हतं. "रांगोळी मागून काढतील गो," ती म्हणाली, "आधी तू दार झाडून तरी ठेव."

"तुमी दोघी गप ऱ्हावा," तुळशीदास म्हणाला. मग आवाज खाली आणून भावाकडे वळला. "होडी झाली. पंचमीला पान्यात घालायची. पाच वर्सं एकेक फळी जमवून बांधलीय. सुकानावर कोन बसनार ते तरी सांग."

"रघुला बसव."

रघु म्हणजे मंजुळेचा भाऊ, माहीमचा, तिशीचा तगडा गडी. धोंडूनं दर्या सोडल्यापासून जुन्या होडीच्या सुकाणावर तोच बसत होता, आणि त्याचा वाटा बहिणीच्या दारात उतरत होता. त्याचं नाव निघालं तशी काशीबाई विळी सोडून उठलीच. या घराची रीत अशी की होडी किनाऱ्याला लागली की पहिली पाटी सुकाणावर बसणाऱ्याच्या दारात जायची. मोठ्या कोळंबीची, पापलेटाची, जे उत्तम असेल त्याची. बाकीच्यांचे वाटे मागाहून. सहा वर्षं काशीबाई उरलेल्यातून निवडत होती आणि नव्या होडीची वाट बघत होती.

"रघुला?" ती नवऱ्याला म्हणाली. "म्हंजे नवी होडी बी त्याच दारात जायची? अवो, तुमच्या बापाची होती ना जुनी? का मंजुळाच्या बापाची?"

"माझ्या बापाला मधी आनू नको," मंजुळा आतून म्हणाली.

धोंडूनं सुतळीची गाठ दातानं तोडली आणि दाताळं हलवून बघितलं. घट्ट बसलं होतं.

तुळशीदास थकून म्हणाला, "गुरुवारी कौल लावतो. देवी काय ते सांगंल. मंग तर ऐकशील?"

गावदेवीचा कौल म्हणजे शेवटचा शब्द. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना चांदीच्या दोन गुंड्या ओल्या करून चिकटवायच्या आणि हात जोडून विचारायचं. उजवी गळाली तर हो, डावी गळाली तर नाही. वाड्यात लग्नं त्यावर ठरत, जाळी त्यावर पाण्यात पडत. एकदा पडलेला कौल कुणी मोडल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"लाव," धोंडू म्हणाला. दाताळं खांद्यावर टाकून तो निघून गेला. फडक्यात बांधलेली भाकरी पायरीवरच राहिली.

*

सात वर्षांपूर्वी भादव्याच्या अखेरीला माहीमच्या खाडीच्या तोंडाशी त्यांची होडी वाळूच्या दांड्यावर चढली. सुकाणावर धोंडू होता. ओहोटी लागलेली, पाणी उतरेल तशी होडी रुतत चाललेली. तिघे भाऊ उतरून तिला ढकलू लागले. सर्वांत धाकटा आनंदा नको त्या अंगाला उभा राहिला. मागून एक मोठी लाट आली आणि होडी कलली ती त्याच्यावर. पाणी कमरेएवढं होतं. कमरेएवढ्या पाण्यात कोळ्याचं पोर गेलं.

पुढच्या हंगामाला धोंडू पुन्हा सुकाणावर बसला. जेवून-खाऊन होडीवर चढला. खाडीचं तोंड ओलांडताना त्याचे हात सुकाणाच्या दांड्यावर आवळले ते होडी किनाऱ्याला लागली तरी सुटेनात. तुळशीदासानं एकेक बोट उकलून काढलं. वाड्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच कुणी बोलत नसे.

पुढे ते हात झोपेतही मिटलेलेच राहू लागले. रोज पहाटे काशीबाई खोबरेल तेलाची वाटी घेऊन त्याच्या उशाशी बसे आणि आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं बोट, अशी मूठ सोडवी. तळव्यावर नखांचे चार चंद्र उठलेले असत. त्यावर तेल चोळी. हे काम तिच्या अंगवळणी पडलं होतं, चूल पेटवण्यासारखं. नवऱ्याला ते कितपत कळत होतं कुणास ठाऊक. तो डोळे मिटून पडलेला असे.

टेकडीच्या पलीकडे, समुद्राकडे उतरणाऱ्या माळावर साहेब लोकांनी खेळायला जागा केली होती. लांब काठीनं टणक पांढरा चेंडू मारत मारत एका भोकात घालायचा, मग पुढच्या भोकाकडे निघायचं, असा तो खेळ. भोकाभोवती बारीक कापलेली हिरवळ, आणि त्या हिरवळीच्या भोवती मुद्दाम केलेल्या अडचणी. वाळूचे खोल खड्डे आणि पोटरीपर्यंत वाढू दिलेलं गवत. काशीबाईनं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती म्हणाली होती, "म्हंजे आपनच वाट करायची आनि आपनच तिच्यात खड्डे खनायचे? साहेबाला घरी बायकामानसं नसतील. असती तर अडचनी खनाव्या लागल्या नसत्या."

त्या खड्ड्यांची वाळू सारखी करायला आणि हिरवळीला विहिरीचं पाणी घालायला माणूस हवा होता. धोंडू गेला आणि राहिला. सहा वर्षं झाली.

तिथे काय करतो ते तो घरी सांगत नसे. सांगण्यासारखं होतं काय? साहेब लोक कचेऱ्या सुटल्यावर संध्याकाळी येत. सकाळी माळ रिकामा असे. समुद्रावरून पांढरं धुकं येऊन खड्ड्यांत बसे, जणू कुणी दुधाची भांडी निववायला ठेवली आहेत. परळच्या बाजूनं गिरणीचा भोंगा येई, पण इतक्या लांबून की तो एखाद्या म्हशीच्या हंबरण्यासारखा वाटे. धोंडू अनवाणी खड्ड्यात उतरे आणि पायांना विचारी. पायाला वाळू कळते. वर कोरडी आणि आत ओली, की सगळीच भुसभुशीत, की दवानं पापडासारखी धरलेली. लहानपणापासून तो वाळूवर चालत आला होता, पण वाळूनं त्याच्याशी बोलायला सुरुवात केली ती इथे.

परळच्या गिरणीतला एक लाल दाढीचा साहेब होता. गवतावर तो चेंडू चांगला मारी, पण वाळूत पडला की त्याची शुद्ध जाई. एका संध्याकाळी तो खड्ड्यात उभा राहून नऊ वेळा मारत राहिला. चेंडू चिंबोरीसारखा नुसते डोळे वर ठेवून वाळूत बसला होता आणि प्रत्येक घावाला आणखी आत जात होता. साहेबानं शेवटी काठी भिरकावली. ती दगडावर आपटून दांडा मोडला. पसरट, तिरक्या लोखंडी तोंडाचा तुकडा धोंडूच्या पायाशी येऊन पडला. त्यानं तो उचलून साहेबापुढे धरला. साहेबानं हातानंच सांगितलं, घेऊन जा.

धोंडूनं मोडक्या वल्ह्याचा दांडा तासून त्यात ते तोंड बसवलं आणि कुजू नये म्हणून झाडाच्या सालीच्या रसात बुडवलेल्या जाळ्याच्या सुतळीनं ते घट्ट गुंडाळलं. त्या दिवसापासून सकाळी वाळू सारखी करण्याआधी तो एक-दोन चेंडू मारू लागला. गवतात हरवलेले, चिरा गेलेले चेंडू त्याला सापडत. मग एक-दोनचे दहा झाले, दहाचे वीस.

चेंडूला मारायचंच नाही, हे कळायला त्याला एक सबंध वर्ष लागलं.

*

काशीबाईनं उरलेले बांगडे साफ केले, मंजुळेला ऐकू जाईल अशी भांडी आपटली, आणि भाकरीचं फडकं घेऊन टेकडीच्या वाटेला लागली. सहा वर्षांत ती एकदाही तिथे गेली नव्हती. आज गेली ती भाकरीसाठी नव्हे. उपाशी नवऱ्याला चार शब्द एकांतात ऐकवावेत, असं तिच्या मनात होतं.

माथ्यावर आल्यावर तिला आधी ते कुठे आहे हेच कळेना. खाली धुकं, त्यात हिरवं काहीतरी तरंगत असलेलं, पलीकडे समुद्र आहे म्हणावा तर नुसता उजेड. मग त्या उजेडात तिचा नवरा दिसला, कमरेपर्यंत. बाकीचा तो खड्ड्यात होता. कमरेएवढ्या पाण्यात उभा असावा तसा. ती वाटेवरच थांबली.

तो पाय वाळूत रुतवत होता. एक, मग दुसरा, कोंबडी अंड्यांवर बसताना करते तसं अंग हलवून. हातात ते लोखंडी तोंड, आभाळाकडे उताणं वळवलेलं. उलथणंच की हे, काशीबाईच्या मनात आलं. मग काठी सावकाश मागे गेली आणि सावकाशच खाली आली. ती चेंडूला लागलीच नाही. त्याच्या मागे दोन बोटांवर वाळूत शिरली आणि पुढून बाहेर निघाली. परातीत पीठ ओतताना होतो तसा एक मऊ आवाज झाला. वाळूचा पातळ पडदा उठला, आणि त्या पडद्यावर बसून आल्यासारखा चेंडू वर आला, क्षणभर हवेतच विसावला, हिरवळीवर उतरला, दोन पावलं चालला आणि भोकापाशी बसून राहिला.

तो दुसऱ्या चेंडूकडे वळला. हा खड्ड्याच्या काठावरच्या उंच गवतात होता. तिथे त्यानं वेगळंच केलं. उंच गवत काठीच्या मानेला मिठी मारून तिचं तोंड वळवतं, म्हणून डावी मूठ जरा आवळली, काठी वरून खाली आखूड आणली, शेवग्याची शेंग तोडावी तशी. गवताचे तुरे उडाले. चेंडू हिरवळीच्या अलीकडेच पडला आणि मग उतारानं, कुणी बोलावल्यासारखा, लोळत लोळत पहिल्याच्या शेजारी जाऊन थांबला.

पण काशीबाई चेंडू बघत नव्हती. ती हात बघत होती.

बोटं काठीभोवती होती, पण आवळलेली नव्हती. जिवंत कोळंबी धरावी तशी होती. सुटू नये इतकी घट्ट, चिरडू नये इतकी सैल. मारून झाल्यावर तर त्यानं एक हात काठीवरून काढून घेतला आणि उघडा तळवा नुसताच हवेत धरला, धुक्यात काही लागतंय का बघावं तसा. नखं आपापल्या जागी, तळवा मोकळा. लग्नात हातात हात दिला होता तेव्हाचा हा हात. मधल्या वर्षांत तो कुठे होता?

तिला आनंद झाला असं कुणी म्हणेल. तिला पहिल्यांदा आला तो राग. सहा वर्षं तेल तिनं चोळलं आणि हात उघडला तो या गवतापुढे.

"भाकरी इसरलात," ती जवळ जाऊन म्हणाली.

धोंडूनं काठी मागे लपवली. मग लपवण्यात अर्थ नाही हे कळून खड्ड्याच्या काठावर ठेवली. "कवा आलीस?"

"आत्ताच."

त्यानं भाकरी घेतली, पण खायला बसला नाही. तिला हातानं खूण करून खड्ड्याच्या वरच्या कडेला घेऊन गेला. "ह्यो बघ."

खड्ड्याच्या भोवती, जिथून हिरवळ सुरू होत होती तिथे, हातभर रुंदीचा पिवळा पट्टा पडला होता. गवत मेलं होतं, आणि मरण आत हिरवळीकडे सरकत होतं. पलीकडच्या दोन्ही खड्ड्यांचीही तीच गत.

"लवू मुकादम म्हंतो कीड हाय. मला कीड दिसत नाय. रोज पानी घालतो, रोज पिवळं वाढतंय. नाताळाला साहेबांचा मोठा सामना असतो. तोपत्तोर हिरवं झालं नाय तर दुसरा मानूस आननार." तो खाली बसून पिवळ्या गवतावरून बोटं फिरवू लागला, तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावीत तशी. "पावसानं यंदा सगळी वाळू वाहून गेली. नवी मीच आनली. एवढी चांगली वाळू पयल्यांदा पडली या खड्ड्यात, आनि यंदाच ह्ये झालं."

"कुठची आनलीत?"

"आपल्या किनाऱ्याची. भरतीच्या रेघेच्या खालची. मैद्यावानी हाय. पायानं निवडलीय, पाटी न् पाटी."

काशीबाई पायातला काटा काढायच्या निमित्तानं वाकली. चिमूटभर वाळू उचलून तिनं जिभेवर ठेवली.

मिठासारखी खारी.

तिच्या डोळ्यांपुढे अंगणातली तुळस आली. दोन वर्षांपूर्वी मंजुळेनं खारवलेल्या माशांचं पाणी महिनाभर त्या वृंदावनात ओतलं होतं. चुकून, असं ती अजून म्हणते. ती तुळस अशीच कडेनं पिवळी पडत पडत गेली. काशीबाईला गवतातलं काही कळत नव्हतं, पण हे मरण तिच्या ओळखीचं होतं. आणि नवऱ्याला ते का कळलं नाही हेही तिला कळलं. कोळ्यानं वाळू चांगली की वाईट हे पायानं ठरवायचं. तिची चव कशाला घ्यायची? दर्याची वाळू खारी असते, हे काय सांगायचं असतं? कोळीवाड्यात गवत लावतो कोण?

ती थुंकली, तोंड पुसलं, आणि म्हणाली, "असंल कीड."

*

परत येताना ती टेकडी जवळजवळ धावत उतरली. तिला काही करायचंच नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं. नाताळापर्यंत गवत मरेल, साहेब दुसरा माणूस आणतील, आणि मैदान सुटलं की दर्याशिवाय जायचं कुठे? देवीनं कौल दिला तर उत्तमच. डावी गुंडी गळाली तरी वाळू आपलं काम करीत होती.

मंगळवारी ती नव्या होडीकडे गेली. किनाऱ्यावर लाकडाच्या आडव्या ओंडक्यांवर होडी उभी होती, तेल प्यायलेली, नव्या नवरीसारखी पिवळी. सुकाणाच्या दांड्याला अजून कुणाचा हात लागलेला नव्हता. काशीबाईनं तो पदरानं पुसला. आता पहिली पाटी आपल्या दारात उतरेल. मंजुळा ओटीच्या त्या टोकाला उभी राहून बघेल, आणि आपण तिला म्हणू, घे गो, यातले दोन पापलेट घे, तुझ्या पोरांना कर. किती दिवस हे वाक्य तिच्याजवळ तयार होतं.

मग तिनं त्या दांड्याशी नवऱ्याला बसवून बघितलं. डोळे मिटून बघितलं. शीड फुगलेलं दिसलं, पाणी दिसलं, त्याची पाठ दिसली. हात दिसले ते मिटलेले. तिनं मनातल्या मनात ते उघडले. ते पुन्हा मिटले. दोनदा, तीनदा तिनं ते उघडले. होडी पुढे चालली होती आणि ती आपली एकेक बोट सोडवत बसली होती, दर्याच्या मधोमध, तेलाची वाटी मांडीवर घेऊन.

"काय गो काशे, झोपलीस का उभ्या उभ्या?" जाळी विणणाऱ्या म्हाताऱ्यानं विचारलं. ती दचकून घरी आली.

बुधवारी धोंडू मैदानातून आला तो शांत होता. पाय धुतले, पाटावर बसला. "लवूनं दुसरा मानूस बघितला बी," तो म्हणाला. "बरं झालं. दादूसचं मन ऱ्हाईल. तुझं बी." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर काशीबाईला उत्तर देता आलं असतं. आवडीचं सुक्या जवळ्याचं कालवण होतं, तरी त्यानं निम्मा भात ठेवला आणि आपली ती काठी, जी आजवर घरात आणली नव्हती, ती आढ्याला मोडक्या वल्ह्यांच्या शेजारी खोचून ठेवली.

गुरुवारी पहाटे ती तेलाची वाटी घेऊन बसली. आज करंगळीच हलेना. तिनं तेल कोमट केलं, पुन्हा चोळलं. उजव्या हाताचं मधलं बोट उचललं तेव्हा खाली नख रुतून रक्त आलेलं दिसलं. तो जागा होता.

काशीबाईनं वाटी खाली ठेवली.

"अवो, उठा. तुमची वाळू खारी हाय."

"आँ?"

"खारी हाय. गवताला कीड नाय लागली. मीठ लागलंय. मंजुळानं तुळस मारली तशी तुमी हिरवळ मारताय."

तो उठून बसला. "तुला कसं कळलं?"

"त्याच दिशी जिभेवर ठेवून बघितली."

"सोमवारी? मंग बोलली का नाय?"

"होडीसाठी," ती म्हणाली. खोटं सांगण्याइतका वेळ नव्हता.

बाहेर तुळशीदासाच्या खाकरण्याचा आवाज येत होता. त्याचं न्हाणं झालं होतं. धोंडूनं स्वतःचा तळवा ओठांना लावला. सहा वर्षांची वाळू तिथे कुठेतरी असेलच. "पायानं निवडली," तो हळूच म्हणाला, "जिभेनं निवडायची ऱ्हायली." आणि त्याला हसू आलं. पोटातून आलेलं, जुनं हसू. मग एकदम घाबऱ्या आवाजात त्यानं विचारलं, "धुतली तर मीठ सुटंल?"

"न सुटायला काय झालं? खारवलेला मासा गोडा करतो का नाय आपन? तीन पान्यांत सुटतो. विहीर हाय तिथं. वाळू काढायची, धुवायची, सुकवायची, मंग घालायची. कडंच्या गवताला नुसतं गोडं पानी सोडत ऱ्हायचं, मुळातलं मीठ खाली जाईपत्तोर."

"नाताळापत्तोर हुईल?"

"ते मला काय ठावं? मी काय गवत हाय?"

तो आपल्या हातांकडे बघत होता. करंगळी आपली आपणच सरळ झाली होती.

"दादूसला काय सांगू?" त्यानं विचारलं.

काशीबाईनं पदर खोचला आणि दार उघडलं. ओटीवर तुळशीदास धुतलेला सदरा घालून, नारळ हातात घेऊन उभा होता. मंजुळा फुलांची परडी घेऊन पायरी उतरत होती. दिराच्या चेहऱ्यावर भाबडी आशा होती. ती बघून काशीबाईला क्षणभर वाईट वाटलं. सात वर्षं त्यानंही एक भाऊ गमावून दुसऱ्याची वाट बघितली होती. मग तिनं मंजुळेकडे बघितलं आणि ते वाईट वाटणं आवरलं.

"धोंडू तयार हाय का?" तुळशीदासानं विचारलं. "कौलाची येळ झाली."

"कौल लावू नका, भावजी," काशीबाई म्हणाली. "देवी हो म्हनाली तरी ह्ये होडीवर येनार नाय, आनि देवीला नाय म्हनायची पाळी माझ्यावर आनू नका."

"ह्ये कोन बोलतंय? तो का तू?"

"मी बोलते. त्यांना बोलायला येत असतं तर सात वर्सं लागली नसती."

मंजुळेच्या हातातली परडी कलली. "अगो पर सुकानावर कोन..."

"तुझा रघु बसंल. पयली पाटी तुझ्या दारात जाऊ दे. मी त्यातलं काय मागनार नाय, आनि तू आपनहून देऊ नको." काशीबाई पायरी उतरली, विळी उचलून आत ठेवली, आणि वळून दोघांनाही ऐकू जाईल असं, भात शिजला हे सांगावं त्या आवाजात म्हणाली, "आनि आजपासनं आठ दिस मी बाजारला जानार नाय. मला वाळू धुवायचीय."